माझ्या जस्ताच्या मागोमाग कोल्हापूरला

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या बंदरगावातले लोक तीन प्रश्न विचारतात. अंबाबाईचं दर्शन झालं का, कुस्ती पाहिली का आणि गूळ आणला का. तिन्ही गोष्टी झाल्या. त्यांतली तिसरी तर इतकी झाली की बायको म्हणाली, आता दोन वर्षं घरात साखर आणू नका. पण मी गेलो होतो तो या तिन्हींसाठी नव्हे. मी गेलो होतो एका माणसाचे हात बघायला. ते हात माझ्यामुळे बिघडले असावेत अशी मला शंका होती, आणि ती खोटी ठरावी म्हणून वाटेतल्या प्रत्येक देवळापुढे मी गाडीतूनच नमस्कार करत गेलो.

नीट सांगतो. मी तारमास्तर आहे. तार वाऱ्यावर जाते असं आमच्या गावात पुष्कळांना वाटतं. ती जाते बॅटरीवर. ऑफिसच्या मागच्या खोलीत फळीवर मातीची भांडी ओळीनं मांडलेली असतात. प्रत्येकात मोरचुदाचं निळं पाणी, तांब्याचा एक पत्रा आणि जस्ताची एक कांडी. कांडी झिजली की बॅटरी मेली. मग नवी कांडी घालायची आणि जुनं पाणी ओतून द्यायचं. वीस वर्षं मी ते पाणी ऑफिसामागच्या फणसाच्या बुंध्याशी ओतलं. फणस वाळला. मी म्हटलं, कीड लागली असेल.

झिजलेल्या कांड्या मात्र फुकट जात नसत. घाटावरून गूळ घेऊन खाली येणारा आणि सुकी मासळी घेऊन वर जाणारा धोंडीबा गाडीवान त्या पोत्यात भरून कोल्हापूरला नेई. तिथे दस्तगीरभाई नावाचे एक कल्हईवाले होते. ते जस्त वितळवून त्याच्या लाद्या करत, तांबट त्या लाद्या तांब्यात मिसळून पितळ करत, आणि माझ्या मेलेल्या बॅटऱ्या लोकांच्या घरी घागरी-तांबे होऊन नांदत. दस्तगीरभाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. पण दर वर्षी त्यांचा निरोप यायचा, 'मास्तरांना सलाम सांगा.' मीही सलाम पाठवायचो.

यंदा दिवाळीनंतर धोंडीबा आला आणि पोत्याकडे बघून त्यानं मान हलवली.

"औंदा जस्त न्हाय नेत, मास्तर. दस्तगीरभाईचा हात गेला."

"गेला म्हणजे? तुटला?"

"तुटला न्हाय वो. हलतोय नुस्ता, पिंपळाच्या पानागत. भांड्यावर नावं घालणारा माणूस त्यो. निम्म्या कोल्हापूरच्या भांड्यांवर त्याच्या हातचं नाव हाय. आता छिन्नी धरली की टिंबं हिकडं तिकडं. लेकीचं लगीन हाय चैतात. भांडी आणून ठेवल्यात, पर नाव मीच घालणार, दुसऱ्याला शिवू देणार न्हाय, म्हणून हटून बसलाय."

धोंडीबा मासळी भरायला गेला आणि मी तिथेच बाकावर बसलो. जस्ताची कांडी लवकर झिजू नये म्हणून तिला पारा चोळायचा असतो. तो मी चोळत होतो, स्वतःच्या बोटांनी. खात्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की पारा लावलेलं जस्त तापवू नये, वाफ अंगात गेली तर हातपाय कापायला लागतात. ते पान मी नोकरीला लागलो तेव्हा वाचलं होतं. धोंडीबाला किंवा दस्तगीरभाईंना सांगायचं मात्र वीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. पोतं गाडीत चढलं की माझ्या लेखी तो विषय संपलेला असे.

मी पंधरा दिवसांची रजा मागितली. साहेबानं ती लगेच दिली याचं मला नवल वाटलं. पुढच्या स्टेशनचा मास्तर हल्ली माझी प्रत्येक तार दोन-दोनदा परत मागवायचा. त्याचे कान गेलेत असं माझं ठाम मत होतं आणि तसं मी साहेबाला कळवलंही होतं.

घाटावर

धोंडीबाच्या गाडीत माझ्या मागे बोंबील होते आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक बुधला. बुधल्यात बॅटरीचं निळं पाणी होतं. दस्तगीरभाईंना धातूंतलं कळतं, तेव्हा या पाण्याचं काही होतं का तेही विचारावं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांच्या दारात उभं राहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

घाट चढला की पहिला फरक कळतो तो हवेचा, दुसरा आवाजाचा. आम्ही कोकणातले लोक भांडतानाही शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं भांडतो. इथे माणूस 'बसा' म्हणतो तेही पलीकडच्या शेतात ऐकू जातं. मलकापूरच्या अलीकडे रस्त्याकाठी गुऱ्हाळ चालू होतं. धोंडीबानं बैल सोडले तोच चुलवणापाशी, रस आटवायच्या भट्टीपाशी, उभा असलेला एक गडी माझ्याकडे बघून ओरडला,

"ओ पावणं! तिकडं काय उभं ऱ्हायलाय? या की हिकडं!"

माझं काय चुकलं ते मला कळेना. जवळ गेलो तर त्यानं उसाच्या रसाचा तांब्या हातात दिला, आणि तो संपायच्या आत दुसरा. मग पळसाच्या पानावर गरम गूळ. गुऱ्हाळाशी आलेल्या माणसाला तसंच पाठवायचं नाही अशी इकडे रीत आहे. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'जेवूनच आला असाल ना?' असं विचारतात. मी लाजेकाजेस्तव मोठा घास घेतला, आणि तो गूळ इतका कढत होता की पुढचे चार दिवस माझी जीभ मला परक्या माणसाची वाटत होती. तो गडी हसून हसून खाली बसला. मग त्यानंच ताक आणून दिलं. त्याचं नावही मी विचारलं नाही, पण त्या ताकाबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

कल्हईवाल्याचं दुकान

कोल्हापुरात मी धर्मशाळेत उतरलो. सकाळी बाहेर पडलो तर चौकात म्हशी उभ्या. दूधवाले इथे दूध घेऊन येत नाहीत, म्हैसच घेऊन येतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. पाणी घातलं म्हणायची सोय नाही. मी एक पेला प्यालो. मिशांना फेस लावून तसाच अर्ध्या गावातून फिरलो, कुणी सांगितलं नाही. दुपारी पोटानं मात्र सांगितलं. ते दूध पचवायला तालमीत जावं लागतं, तारऑफिसात नव्हे.

तांबटांच्या ठोक्यांच्या अनुरोधानं गेलं की दस्तगीरभाईंचं दुकान सापडतं. दुकान म्हणजे एक ओटा, मागे घर, आणि घराच्या मागे भट्टीचं छप्पर. ओट्यावर एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. दाढी मेंदीनं लाल केलेली, मान पैलवानासारखी. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरून ठेवलं होतं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि ते ताडकन उठले.

"जस्तवाले मास्तर? आवं, तुम्ही? आगं, बघ कोण आलंय! बसा, बसा की! वीस वर्षं सलाम धाडतोय तुमास्नी. म्हटलं, जिवंतपणी गाठ पडतीया का न्हाय!"

उठताना त्यांनी मनगट सोडलं, आणि तो हात मला दिसला. मुद्दाम हलवावा तसा तो हलत होता. त्यांनी तो पटकन मांडीखाली घातला.

"ह्ये असं झालंय बघा दोन वर्सं. लोक म्हणत्यात, दारू प्याला. मी थेंबाला शिवत न्हाय. तालमीतल्या वस्तादानं मुद्गलाची जोडी फिरवायला लावली. दंड झाले पैलवानाचे, पर थरथर हाय तशीच. दर्ग्यात जाऊन आलो, जोतिबाला जाऊन आलो. कुणी म्हणतंय नजर हाय." मग एकदम चेहरा खुलवून म्हणाले, "पर तुमचं जस्त, मास्तर! असं जस्त दुसरीकडं न्हाय. आरशागत चमकतं. चमकणारं तेवढं मी येगळं काढून ठेवतो आन् घरातच वितळवतो. दुसऱ्याच्या भट्टीला देत न्हाय."

ती चमक पाऱ्याची होती. घरातून खातूनबी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली. मी म्हटलं, आज माझा उपास आहे. उपास नव्हता. आमच्या गावात मुसलमानाच्या घरचा चहा कुणी घेत नाही आणि मीही कधी घेतला नव्हता, एवढंच. दस्तगीरभाई समजले. त्यांनी माझा चहा स्वतःकडे ओढून घेतला आणि तो पिताना बराचसा दाढीवर सांडला.

मी घाईघाईनं बुधला पुढे केला. "हे बॅटरीचं जुनं पाणी. याचं काही होतं का?"

त्यांनी बूच काढून वास घेतला. "मोरचूद. तुम्ही काय करता ह्याचं?"

"झाडाला घालतो."

"झाड हाय अजून?"

"नाही."

ते मोठ्यानं हसले. मग मातीच्या एका परातीत त्यांनी ते पाणी ओतायला सांगितलं, आणि घोड्याचे जुने नाल, मोडके खिळे असलं भंगार त्यात टाकलं. "बसा आता गप." आम्ही बसलो. त्यांनी मला कोल्हापूरच्या महाराजांच्या गोष्टी सांगितल्या, की रस्त्यानं जाताना गाडी थांबवून कुणाशीही बोलतात, आणि एकदा याच गल्लीत थांबून त्यांनी एका तांबटाला त्याच्या पैलवान पोराबद्दल विचारलं होतं. अर्ध्या तासानं परातीतले नाल लाल झाले. हातानं चोळलं की लाल गाळ निघे. तांबं. निळं पाणी हळूहळू फिकं होऊन हिरवट दिसायला लागलं.

"लोखंड पाण्यात जातं, तांबं भाईर येतं. तांबं तांबटाला. ऱ्हायलं ह्ये हिरवं पाणी. त्ये आटवलं की हिराकस. हिराकस घालून चपला काळ्या करत्यात आमचे चांभार. शाळेतली शाई बी त्याचीच. टाकायचं काय, मास्तर? काय बी न्हाय."

वीस वर्षं मी एका झाडाच्या मुळाशी तांबं आणि शाई ओतत होतो. ज्या माणसाला मी विष पाठवलं तो मला हे हसत हसत शिकवत होता. मला तिथे बसवेना. पोट दुखतंय सांगून मी उठलो. ते तरी खरं होतं.

दुसरा दिवस

रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या आणि सकाळी उठून थेट ओट्यावर गेलो. बसलोही नाही. उभ्याउभ्याच सांगितलं की जस्ताला पारा असतो, तो मी चोळतो, तापवला की त्याची वाफ होते, त्या वाफेनं हात कापतात, हे पुस्तकात लिहिलेलं आहे, मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही.

दस्तगीरभाई उठले, छपरात गेले आणि भट्टीवरच्या एका वाशावरची काजळी फडक्यात पुसून घेऊन आले. फडक्यात बारीक बारीक चमकणारे थेंब होते.

"मी म्हणायचो, चांदीचा अंश हाय जस्तात. पावसाळ्यात शेजारी धुराला बोंबलत्यात म्हणून दार लावून वितळवायचो. दोन वर्सं."

दाराआड उभी राहून खातूनबी ऐकत होती. ती बाहेर आली. मला वाटलं, आता ही बाई मला ओट्यावरून खाली ढकलणार. ढकललं असतं तर मी काही बोललो नसतो.

"म्हंजे नजर न्हाय?" ती म्हणाली.

"नाही."

"आन् दारू बी न्हाय." हे ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून खाली बसली. "माफ करा जी मला. गल्ली म्हणायची, पितोय. एकदा मी बी तोंडाचा वास घेतलता, तुम्ही झोपल्यावर."

"ठावं हाय मला," दस्तगीरभाई म्हणाले. "जागाच होतो."

मग दोघंही हसायला लागली. मला हसावं की रडावं कळेना. खातूनबी आत गेली आणि चहा घेऊन आली. या वेळी उपासाचं निमित्त काढायची मला शरम वाटली. कोल्हापुरात महाराज स्वतः कुणाच्याही हातचं घेतात असं लोक सांगतात. मग तारमास्तरानं एवढं सोवळं कशाला मिरवायचं? मी पुढे होऊन कपबशी घेतली.

खातूनबीनं बशी सोडली नाही. तशीच धरून माझ्या बोटांकडे बघत राहिली. कप बशीत किणकिण वाजत होता.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचं बी तसंच हलतंय की."

मी म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, थंडी न्हाय. दोन वर्सं मी हाच आवाज ऐकतीया. आणि मला एकदम पुढच्या स्टेशनच्या त्या मास्तराची आठवण झाली. त्याचे कान ठणठणीत होते. माझीच बोटं तारयंत्राच्या कळीवर नको तिथे आपटत होती आणि मी ते वर्षभर त्याच्या कानांवर ढकलत होतो. साहेबानं रजा लगेच का दिली तेही कळलं. मी तो चहा तिथे बसून शेवटपर्यंत प्यालो. त्या बाईनं माझे हात आणि माझी नोकरी वाचवली. तिच्या हातचा चहा आदल्या दिवशी मी नाकारला होता, हे आठवलं की अजून चेहरा गरम होतो.

गडहिंग्लज

पुढे काय करायचं ते मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. जस्त वितळवणं बंद करावं तर दस्तगीरभाईंचा निम्मा धंदा बुडाला, आणि माझ्या कांड्या नाल्यात जाणार. धोंडीबा म्हणाला, गडहिंग्लजला जिनाप्पा वैद्य हायत, ते पाऱ्याची औषधं करत्यात, त्यांचा हात का हालत न्हाय त्ये इचारा. इतका शहाणा प्रश्न आम्हा दोघांना सुचला नव्हता. तिघेही त्याच्या गाडीतून निघालो.

कागल मागे पडलं की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. मधूनमधून काळी रानं, त्यांत शाळू. दस्तगीरभाईंनी भाकरी, मटणाचं सुकं आणि कांदा बांधून घेतला होता. माझी भाजलेली जीभ त्या तिखटाला अजून तयार नव्हती. डोळ्यांतून पाणी काढत मी खाल्लं आणि धोंडीबानं प्रत्येक घासाला "बघा, कोकण रडतंय," म्हणून बैलांना सांगितलं. गडहिंग्लजच्या बाजारात निम्मी बोली कानडी. कोण कुणाला अण्णा म्हणतो, कोण अप्पा, आणि दर सांगताना मराठीत सुरू झालेलं वाक्य कानडीत संपतं.

जिनाप्पा वैद्य किरकोळ देहाचे, पांढरंस्वच्छ धोतर नेसलेले जैन गृहस्थ. त्यांनी आम्हा दोघांना हात पुढे करायला लावले, दोघांच्या बोटांवर एकेक पान ठेवलं. दोन्ही पानं पडली. हिरड्या पाहिल्या. मग म्हणाले,

"यप्पा! एका माळेचे मणी दिसताय. पारा हाय हा. एकानं बोटानं घेतला, एकानं नाकानं."

"औषध?" मी विचारलं.

"लांब ऱ्हावा. दुसरं औषध न्हाय. जसा आला तसा जाईल. सहा महिनं धरा."

"आणि अण्णा, तुम्हीही पारा तापवता ना?" मी म्हटलं.

"तापवतो की. पण तोंड बांधून तापवतो. तुमच्यागत दार बांधून न्हाय."

त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. मातीचं एक मडकं, त्याच्या तोंडावर दुसरं मडकं उपडं घातलेलं, सांध्यावर कापड आणि माती लिंपलेली. वरच्या मडक्यावर ओलं फडकं. वैद्यलोक याला डमरूयंत्र म्हणतात, कारण ते दिसतं डमरूसारखं. खाली मंद जाळ करायचा. पारा वाफ होऊन वर चढतो, वरच्या मडक्याला थंड लागला की तिथेच थेंब धरून बसतो. जस्त खालीच राहतं. जाळ मोठा केला तर मात्र सगळं फुकट. विझून गार होईपर्यंत सांधा उघडायचा नाही, आणि हे घरात करायचं नाही, उघड्या माळावर करायचं, वारा येतो त्या अंगाला बसून. हे शेवटचं त्यांनी दस्तगीरभाईंच्या दंडाला धरून तीनदा सांगितलं. मोबदला विचारला तर म्हणाले, पारा निघाला की बघायला बोलवा. मी निघताना त्यांच्या पाया पडलो. मी सहसा कुणाच्या पाया पडत नाही, पण त्या दिवशी आपोआप वाकलो.

माळ

कोल्हापूरबाहेरच्या माळावर आम्ही ते करून पाहिलं. पहिल्या वेळी दस्तगीरभाईंनी सवयीनं भाता जोरात मारला आणि खालचं मडकं तडकलं. आम्ही तिघे शाळेतल्या पोरांसारखे वाऱ्याच्या उलट पळत सुटलो, धोंडीबा सगळ्यांत पुढे. दुसऱ्या दिवशी भाता आणलाच नाही. शेणीच्या विस्तवावर दुपारपर्यंत ठेवलं, संध्याकाळपर्यंत गार होऊ दिलं आणि लांब काठीनं सांधा फोडला. वरच्या मडक्यात पारा होता. काचेच्या कुपीत ओतला तेव्हा तळाशी बोटभर भरला. खालचं जस्त काळपट, मळकट निघालं. चमक गेली होती.

"असं दिसतं व्हय खरं जस्त," दस्तगीरभाई म्हणाले आणि बराच वेळ ते हातात धरून बसले. हात हलत होताच. "मास्तर, चैतापातुर ऱ्हाईल का वो ह्यो हात जाग्यावर?"

वैद्यांनी सहा महिने सांगितले होते आणि लग्नाला पाचच उरले होते. मी म्हटलं, राहील. खोटं धाडस होतं ते. त्यांना ते कळलं असावं, पण त्यांनी मान डोलावली.

कुपी मी परत आणली. आता ऑफिसात तोच पारा पुन्हा वापरतो, काठीला फडकं बांधून लावतो. नव्या पाऱ्याची मागणी अजून करावी लागलेली नाही. निळं पाणी पिंपात साठतं, धोंडीबा भंगार लोखंड आणून टाकतो. आणि आमच्या तारेवरच्या सगळ्या ऑफिसांना मी एकेक कागद लिहून पाठवला की जस्त द्या, पण पाऱ्याचं सांगून द्या. काहींनी उत्तर दिलं. काहींना वाटलं, म्हातारा चळला. त्यांना मी दुसरा कागद पाठवला. पुढच्या स्टेशनचा मास्तर फाल्गुनापासून तार परत मागवत नाही. त्याची मी लेखी माफी मागितली आहे.

चैत्र

लग्नाला मी बायकोला घेऊन गेलो. वाटेत तिला सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. तिनं खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं, गाडीला खिडकी नसताना. पण खातूनबीनं तिला हाताला धरून आत नेलं ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा दोघी मला मासळीचं कालवण कसं करतात यावर भांडताना दिसल्या.

नवरीची, म्हणजे जैनबची, भांडी अंगणात मांडली होती. दस्तगीरभाई मला तिकडे घेऊन गेले. आधी एक लहान तांब्या दाखवला. त्यावरचं नाव वेडंवाकडं, टिंबं भुईवर सांडलेल्या मोहरीसारखी. "पौषातला," ते म्हणाले. "टाकला न्हाय. ऱ्हाऊ दे." पुढच्या वाट्या, ताटं, पातेली. माघ, फाल्गुन. प्रत्येक भांड्यावर ओळ थोडी थोडी सरळ होत गेलेली. दुसऱ्या कुणाचाही हात त्यांनी लागू दिला नव्हता.

शेवटी एक मोठी घागर होती. नव्या पितळेची.

"वाचा की."

मी वाकलो. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची रीत. त्यावर लिहिलं होतं: 'जैनब हिस, तारमास्तर मामा यांजकडून.'

"दस्तगीरभाई, हे काय? मी काही दिलेलं नाही."

"जस्त कुणाचं? तुमचं. तांबं बी थोडं तुमच्याच पाण्यातलं घातलंय, त्या परातीतलं. खातूनला भाऊ न्हाय. मग देणारा दुसरा कोण?"

"याच जस्तानं तुमचे हात..."

"व्हय," ते म्हणाले. "आन् त्याच हातानं घातलंय. मला आता जवळचं दिसत न्हाय धड. नाव सरळ आलंय का, तेवढं सांगा."

डोळे इतके भरून आले होते की मला एकही टिंब दिसेना. मी बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकेक टिंब चाचपत गेलो. कुठेही बोट ओळ सोडून गेलं नाही.

"सरळ आहे," मी म्हणालो.